मांडी आधी, नडगी नंतर

पेरून ठेवलेल्या प्रेशर आयईडीवर, म्हणजे दाब पडताच फुटणाऱ्या घरगुती स्फोटकावर, पाय पडून जवान जखमी झाल्याची बातमी आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास उसळतो. छातीला बुलेटप्रूफ जॅकेट आहे, डोक्याला हेल्मेट आहे, मग पायांना काहीच का नाही? एप्रिल-मे २०२५ मध्ये छत्तीसगड-तेलंगण सीमेवरच्या कर्रेगुट्टा डोंगरांतल्या मोहिमेत अशा स्फोटांनी १८ जवान जखमी झाले. गडचिरोलीतल्या प्रत्येक घराला ती बातमी जवळची वाटते, कारण भामरागड-एटापल्लीच्या पलीकडे तेच जंगल सुरू होतं. प्रश्नावरचं उत्तरही ठरलेलं असतं: एवढ्या उन्हात, एवढ्या चिखलात घालणार कोण? मग कुणीतरी ब्रिटिश किंवा अमेरिकी सैनिकाचा फोटो पुढे करतं, ‘त्यांना मिळतं, आपल्याला का नाही?’ म्हणतं, आणि चर्चा तिथेच अडते.

मी ब्रिटनमध्ये संरक्षक कापडाच्या व्यवसायात आहे, म्हणून त्या फोटोत नेमकं काय आहे तिथूनच सुरुवात करतो. ब्रिटिश सैन्याने अफगाणिस्तानसाठी २०१० च्या अखेरीपासून जे दिलं ते संपूर्ण पायाचं चिलखत नव्हतं. त्याचे तीन थर होते. पहिला, दाट विणीच्या रेशमाची अंतर्वस्त्रासारखी चड्डी, रोज घालायची. दुसरा, गस्तीवर निघताना पँटवरून जांघेत बांधायचा काढता-घालता येणारा पट्टा. तिसरा गुडघ्यापर्यंत येणारा, आणि तो फक्त पुढे डिटेक्टर घेऊन चालणाऱ्यासाठी. अमेरिकेनेही २०११ मध्ये आत घालायची चड्डी आणि वरून घालायचं आवरण अशी जोडी दिली. दोघांनीही नडगी आणि पाऊल उघडंच ठेवलं. पैसा कमी पडला म्हणून नव्हे. तिथे कवचाचा उपयोग होत नाही, हे त्यांना जखमा पाहून कळलं होतं.

पावलाखाली स्फोट झाला तर ते पाऊल वाचवेल असं अंगावर घालण्याजोगं काही आज जगात नाही. छोट्या लष्करी सुरुंगात ३० ते २५० ग्रॅम स्फोटक असतं, तेवढ्यानेही पाऊल जातं. नक्षली आयईडीत ते किलोंमध्ये भरलेलं असतं. स्फोटाचा दाब अंतरासोबत झपाट्याने उतरतो, पण पाऊल तर त्याच्यावरच टेकलेलं असतं. उलट नडगीवर कडक पट्टी असेल तर ती पायासोबत फुटते आणि तिचेच तुकडे वर घुसू शकतात. कवच वाचवू शकतं ते त्याच्या वरचं: मांडीची आतली बाजू, जांघ, जननेंद्रियं, ओटीपोट. वर उडणारे खडे, माती, बुटाचे आणि स्फोटकाच्या डब्याचे तुकडे इथे शिरतात. मांडीच्या आतून जाणारी मुख्य धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. ती वाचली तर कापावं लागणारं हाड गुडघ्याखाली राहण्याची शक्यता वाढते, आणि गुडघा राहिलेला माणूस कृत्रिम पाय लावून शेताच्या धुऱ्यावरून चालू शकतो.

रेशीम यासाठीच निवडलं. पातळ रेशीम गोळी अडवत नाही, मोठा तुकडाही नाही. वाळू, माती आणि बारीक कण ते मांसात जाऊ देत नाही, जळताना वितळून कातडीला चिकटत नाही, धुता येतं. इराकमध्ये २००६ साली अमेरिकी मरीनांना तळाबाहेर पॉलिस्टरचे कपडे घालायला बंदी झाली ती वितळण्यामुळेच. आपल्याकडच्या भाताच्या बांधीतल्या मातीत शेण, कुजकं पाणी, काडीकचरा सगळं असतं. ती जखमेत खोल गेली की धनुर्वात आणि गॅस गँगरीन यांची भीती असते, आणि कोरचीच्या पलीकडच्या पाड्यावरून जखमीला नागपूरला पोहोचवेपर्यंत वेळ जातो. म्हणून रेशमी चड्डी ही मला गडचिरोलीसाठी चैनीची वस्तू वाटत नाही. सगळ्यात आधी तीच द्यावी. तोवर निदान एवढं तरी व्हावं, की मोहिमेवर पॉलिस्टरची ट्रॅकपँट आणि नायलॉनची अंतर्वस्त्रं कुणी घालणार नाही.

‘पूर्ण पायाला द्या’ म्हणणाऱ्यांसाठी हिशेब मांडतो. माणसाच्या कातडीचं क्षेत्रफळ साधारण १.७५ चौरस मीटर, दोन पायांचा वाटा त्यात ३६ टक्के, म्हणजे ०.६३ चौरस मीटर. रायफलची गोळी अडवणारी सिरॅमिक प्लेट दर चौरस मीटरला ३० ते ४० किलो भरते. दोन्ही पाय त्याने मढवले तर १९ ते २५ किलो वजन नुसतं पायांत. पिस्तुलाची गोळी अडवणारं मऊ ॲरामिड, म्हणजे केव्हलरसारख्या धाग्याचं कापड, ५ ते ६ किलोंचं, म्हणजे पायांवर ३ ते ४ किलो. फक्त छर्रे-तुकड्यांपुरतं घेतलं तर ३ ते ४ किलोंचं, म्हणजे दोन-अडीच किलो. आणि मांडीची पुढची-आतली बाजू आणि जांघ एवढंच झाकलं तर क्षेत्र ०.१५ ते ०.२ चौरस मीटरवर येतं आणि वजन ४५० ते ८०० ग्रॅमवर. गडचिरोली पोलिसांच्या सी-६० या कमांडो पथकाचा जवान हत्यार, काडतुसं, पाणी, शिधा धरून आधीच २० किलोंच्या पुढचं ओझं वाहतो. त्यात पावलावरचा एक किलो पाठीवरच्या चार ते सहा किलोंइतका दमवतो, कारण प्रत्येक पावलाला तो उचलून पुढे टाकावा लागतो. नडगीवर हा दंड थोडा कमी, मांडीवर आणखी कमी. दमलेला माणूस मग सोपी वाट धरतो, आणि स्फोटकं नेमकी सोप्या वाटेवर पेरलेली असतात.

१ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यातल्या जांभुळखेड्याजवळ शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि गाडीचा चालक गेले, त्या संदर्भातही पायांच्या कवचाचा विषय काढला जातो. तिथे त्याचा संबंध नाही. खासगी गाडीखाली रस्त्यातच स्फोट झाला होता. अशा वेळी उपयोगी पडते रस्ता तपासूनच पुढे जाण्याची शिस्त, पायी चालणं, दोन माणसांत अंतर, किंवा व्ही आकाराच्या तळाची सुरुंगरोधक गाडी. कवचाकडून नको ती अपेक्षा केली की ही शिस्त ढिली पडते.

विदर्भाने ‘साहित्य वाटलं पण अंगावर चढलं नाही’ हे याआधी जवळून पाहिलंय. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर सुरक्षा किटचा आग्रह सुरू झाला. पण डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दमट उकाड्यात प्लॅस्टिकचा अंगरखा आणि मास्क घालून माणूस अर्धा तासही टिकत नाही. पायांच्या कवचाचं तेच होईल, जर खरेदी करणाऱ्याने फक्त ‘किती झाकतं’ पाहिलं आणि ‘किती तास अंगावर राहतं’ हे पाहिलं नाही.

म्हणून खरेदीआधीची चाचणी मे महिन्यात आणि पावसाळ्यात, तिथल्याच माणसांवर घ्यावी. कवच घालून उकिडवं बसायचं, एका गुडघ्यावर टेकून नेम धरायचा, नाला ओलांडायचा, ओल्या धुऱ्यावरून चालायचं, झोपून सरपटायचं. उकिडवं बसताना जांघेतला पट्टा वर सरकून पोटात रुतला तर तो नापास. मांडीचं पॅनेल गुडघ्याच्या वाटीच्या निदान चार बोटं वर संपलं पाहिजे. पट्टे गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला, हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो त्यावर कधीही आवळू नयेत. तिथून जाणारी नस दबली की पाऊल उचलता येत नाही, लोंबतं.

चिकटपट्टीबद्दल, म्हणजे वेल्क्रोबद्दल, दोन शब्द, कारण परदेशी नमुन्यांत ती सगळीकडे असते. गडचिरोलीच्या जंगलात पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकतं. त्याची कुसळं वेल्क्रोच्या आकड्यांत अशी भरतात की पहिल्याच गस्तीत पकड निम्मी होते, आणि वरून नाल्याचा चिखल बसला की उरलेलीही जाते. संध्याकाळी सुईने एकेक कुसळ उपसत बसणं कुणाला जमणार? इथे प्लॅस्टिकचं बकल हवं, ओल्या हाताने एका झटक्यात सुटणारं.

ते सुटणं जिवाशी निगडित आहे. पाय उडाल्यावर जीव वाचवतो टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवणारा आवळपट्टा. तो जखमेच्या ५ ते ८ सेंटिमीटर वर बांधायचा, सांध्यावर कधीच नाही, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, आणि बांधल्याची वेळ लिहायची. गोळीबार चालू असेल तर कपड्यांवरूनच, मांडीच्या जितकं वर जाईल तितकं. खाली जाड ॲरामिडचं पॅनेल किंवा खिशात काडतुसांचं पाकीट असेल तर दांडी कितीही पिळा, दाब धमनीपर्यंत पोहोचत नाही आणि रक्त वाहत राहतं. मांडीचं कवच दहा सेकंदांत, जखमीला न हलवता, एका हाताने काढता येत नसेल तर ते घेऊ नये. आणि प्रत्येक जवानाकडे स्वतःचे दोन टूर्निकेट, ठरलेल्या एकाच जागी, कुठल्याही हाताने काढता येतील असे. कवचासाठी पैसे अपुरे पडले तर हे आधी घ्यावेत, यात मला तिळमात्र शंका नाही.

देखभालीत कवच मरतं ते असं. ॲरामिड ओलं झालं की त्याची अडवण्याची ताकद घटते, म्हणून पॅनेल कडा वितळवून बंद केलेल्या जलरोधक पिशवीत असतं. घट्ट बसावं म्हणून कुणी त्याच पॅनेलमधून शिवण मारली किंवा बांबूच्या खुंटाने पिशवी फाटली की प्रत्येक नाल्यात पाणी आत शिरतं. बाहेरून काही दिसत नाही. महिन्यातून एकदा पॅनेल तराजूवर ठेवा. नव्याच्या नोंदलेल्या वजनापेक्षा जास्त भरलं तर आत पाणी आहे. ॲरामिडला ऊन सोसत नाही, त्यामुळे तारेवर वाळत घालणं वर्ज्य, सावलीत सपाट ठेवायचं. पॉलिथिलिनच्या धाग्याचं पॅनेल हलकं आणि पाण्याला न जुमानणारं, पण ७०-८० अंशांच्या पुढे ते कमजोर होऊ लागतं. मे महिन्यात चंद्रपुरात बंद जीपच्या डॅशबोर्डवर तेवढी आच सहज लागते. निविदेत कोरड्या आणि पाण्यात बुडवलेल्या, अशा दोन्ही नमुन्यांच्या चाचणीचे आकडे मागावेत. नुसता भारतीय मानक १७०५१ चा उल्लेख पुरत नाही, तो जॅकेटांसाठी आहे. धडा घ्यायचा तर झायलॉनचा घ्यावा: उष्णता आणि दमटपणात कमकुवत होणारा हा धागा पोलिसांच्या जॅकेटांत वापरला गेला होता, आणि २००५ मध्ये अमेरिकेला त्या जॅकेटांची मान्यता काढून घ्यावी लागली.

गावातल्या बंदोबस्ताचं गणित अगदी उलटं आहे. तिथे धोका दगडाचा आणि काठीचा, म्हणून नडगी आणि गुडघा आधी. ब्रिटनमध्ये हातापायांच्या अशा संरक्षकांसाठी बीएस ७९७१ मालिकेत वेगळा भाग आहे, आणि दंगल पथक पायांच्या गार्डबरोबर आग न धरणारा अंगरखा घालतं. आपल्या पोलीस ठाण्यांत गार्ड असतात, पण एकाच मापाचे. गुडघ्याच्या वाटीच्या मध्यापासून घोट्यापर्यंत मोजून त्यापेक्षा बोटभर कमी लांबीचा गार्ड हवा. लांब असला तर चालताना पावलावर आपटतो, आणि शिपाई तो काढून गाडीत टाकतो. महिला शिपायांना तर हे रोजचं आहे. पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकच्या गार्डवर किंवा ढालीवर ऑइलपेंटने नाव टाकू नये, थिनर-पेट्रोलने पुसू नये. बारीक तडे जातात आणि पुढच्या दगडाला ते फुटतं.

आता गरजच बदलते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ ला माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. गस्ती कमी होतील, पण पेरलेलं जमिनीतच आहे. बॅटरी संपली म्हणून डिटोनेटर मरत नाही. यापुढे पायांच्या कवचाची सर्वात जास्त गरज बॉम्बशोधक पथकाला लागेल. त्यांचा जड सूट ३५-४० किलोंचा असतो, तो घालून जंगलात चालता येत नाही. मानवतावादी सुरुंग-सफाईत जगभर वापरतात तो समोरून झाकणारा, पाठ उघडी असलेला एप्रन इथे योग्य: १.१ ग्रॅमच्या तुकड्याला ४५० मीटर प्रतिसेकंदाला निम्म्या वेळा अडवणारा, गुडघे टेकले तरी मांड्या झाकणारा, सोबत ५ मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचा चेहरापट्टा, म्हणजे चेहऱ्यापुढची पारदर्शक ढाल. बुटात पोलादी तळ नको, डिटेक्टर स्वतःच्याच पावलावर वाजत राहतो. टोकदार खुंटांसाठी ११०० न्यूटन सोसणारा कापडी तळ मिळतो.

उकाड्याचा प्रश्न इथे वेळापत्रकाने सुटू शकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सफाईचे महिने: जमीन वाळलेली, गवत झोपलेलं, एप्रन घालून सलग तासभर काम करता येतं. मार्चमध्ये बायका-पोरं मोहफुलं वेचायला पहाटे जंगलात शिरतात, मे मध्ये तेंदूपत्ता सुरू होतो, आणि त्यांच्या पायांत चप्पल असते. म्हणून पथकाने नकाशा ग्रामसभेत बसून करावा: मोहाची झाडं कुठली, तिथे जायच्या पांदणी कुठल्या, तेंदूपत्ता गोळा करायची जागा कुठे. त्या वाटा आधी मोकळ्या कराव्यात, आणि एप्रन, चेहरापट्टा, टूर्निकेट यांची खरेदी त्या हिशेबाने ऑक्टोबरपूर्वी पथकाच्या हातात असावी.