पोटरीवरची निळी शीर आणि वैशाखातला बाजार

परळच्या एका शाळेत मी ३१ वर्षे शिकवले आणि त्यातला बहुतेक काळ फळ्यासमोर उभी होते. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेचे पर्यवेक्षण तीन-तीन तास चाले. घरी येऊन चपला काढल्या की पट्ट्यांची खाच पावलांवर उमटलेली दिसे आणि रात्रीची जेवणे होईपर्यंत ती जात नसे. उजव्या पोटरीवर दोरीसारखी पिळलेली निळी शीर पहिल्यांदा दिसली, तेव्हा मी ती वयाची खूण समजून साडीच्या काठाखाली झाकली. डॉक्टरांकडे जायला मला सात वर्षे लागली.

आज लिहिण्याचे निमित्त डोंबिवलीच्या वहिनींचे आहे. त्यांच्याही पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत. गेल्या पंधरवड्यात कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'नसा साफ करणाऱ्या उन्हाळी रसा'चा संदेश फिरला. वहिनींनी तो रस रोज सकाळी घ्यायला सुरुवात केली आणि डॉक्टरांनी दिलेले घट्ट मोजे उकाडा सोसवत नाही म्हणून कपाटात ठेवून दिले. आठ दिवसांत घोटे पुन्हा सुजले.

पायांतले रक्त हृदयाकडे परत नेण्याचे काम शिरांना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध करावे लागते. चालताना पोटरीचे स्नायू शिरांना दाबतात, रक्त वर ढकलले जाते आणि शिरांमधल्या लहान झडपा ते पुन्हा खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की पोटरीचा हा पंप थांबतो. त्यातच झडपा नीट मिटेनाशा झाल्या तर रक्त खाली साचते आणि शीर फुगते. उष्णतेने शिरा आणखी सैलावतात, आणि मुंबईच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नसल्यामुळे अंग थंड ठेवण्यासाठी शरीर त्वचेकडे अधिक रक्त पाठवत राहते. निकामी झालेली झडप कोणत्याही फळाने दुरुस्त होत नाही. तिथे मळ साचलेलाच नसतो, त्यामुळे 'नस साफ करणे' या शब्दांना माझ्या मते काहीही अर्थ नाही.

तरीही उन्हाळी आहाराचा आग्रह मी धरते, आणि त्याचे पहिले कारण पोट आहे. घामावाटे पाणी गेले की शौचास कठीण होते, कुंथावे लागते, पोटातला दाब वाढतो आणि रक्ताच्या परतीच्या वाटेत तो आडवा येतो. मूळव्याधीचा त्रासही याच दाबाने बळावतो. या दिवसांत काकडीची कोशिंबीर, दुधी, पडवळ, लाल माठ आणि शेवग्याच्या शेंगा सहज मिळतात. त्यांतून पाणीही मिळते आणि चोथाही. रस गाळला की नेमका चोथाच टाकला जातो, म्हणून कलिंगड फोडी करून आणि आंबा कापून खावा, असे मी घरी सर्वांना सांगते.

दुसरे कारण 'क' जीवनसत्त्वाचे. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना बळकटी देणारे कोलॅजेन तयार होण्यासाठी ते लागते. त्याचा मोठा अभाव झाला की केशवाहिन्या फुटून हिरड्यांतून रक्त येते, तोच स्कर्व्ही. हे जीवनसत्त्व वेगळे काढणारे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. फळांतल्या फ्लेव्होनॉइड द्रव्यांमुळे केशवाहिन्यांची नाजूकता कमी होते, असे मांडून त्यांनी त्यांना 'पी' जीवनसत्त्व असे नाव दिले होते, पण ते नाव पुढे टिकले नाही. आज शिरांच्या सुजेसाठी डॉक्टर देतात त्यांपैकी काही गोळ्या याच वर्गातल्या द्रव्यांच्या असतात; मात्र गोळीत जेवढी मात्रा मोजून घातलेली असते तेवढी मोसंबीच्या ग्लासातून मिळत नाही, आणि रसाच्या जाहिराती नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत.

दादर स्टेशनबाहेर पालघरकडून येणाऱ्या बायका टोपल्या मांडून बसतात. एकीकडून मी गेल्या आठवड्यात पानाच्या द्रोणातली करवंदे घेतली. काळ्या सालीच्या आत गडद लाल गर, ओठांना चिकटणारा चीक आणि नंतर बराच वेळ बोटांवर राहिलेला जांभळा डाग. हा रंग अँथोसायनिन या फ्लेव्होनॉइडचा, जांभळातही तोच. वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळणारे हे फळ सोडून परदेशी बेरींच्या डब्या विकत घेणाऱ्यांबद्दल मला मनापासून वाईट वाटते.

कलिंगडात सिट्रुलिन असते. शरीरात त्याचे आर्जिनिन होते आणि त्यापासून धमन्यांना सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड तयार होतो. हे खरे आहे, पण त्याचा संबंध मुख्यतः धमन्यांशी आहे, पायांच्या झडपांशी नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागातही सिट्रुलिन असते. तो भाग किसून मी थालीपिठात घालते.

मिठाबद्दल मात्र सावध राहायला हवे. याच दिवसांत घरोघरी लोणची घातली जातात, पापड वाळतात, आणि त्यांतल्या मिठामुळे शरीरात पाणी साठून सूज वाढते. कोकमाच्या आगळात मीठ असते आणि अमृत कोकमात साखर, म्हणून मी चार आमसुले रात्रभर पाण्यात भिजवते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी शहाळे आणि कलिंगडही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, आणि रक्त पातळ करणारी वॉरफेरिनची गोळी चालू असणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण अचानक बदलू नये. एकच पाय एकाएकी सुजला, दुखू लागला, गरम लागला, तर आहाराचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालयात जावे, कारण आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते.

वहिनींशी काल तासभर बोलले. आज सकाळी अंथरुणातून उठण्याआधीच त्यांनी मोजे चढवले, आणि संध्याकाळी सोसायटीच्या आवारात वीस मिनिटे चालायचे कबूल केले. रस बंद झाला आहे. बहाडोलीची जांभळे बाजारात आली की मी स्वतः डोंबिवलीला घेऊन जाणार आहे.