खुर्ची रिकामी नव्हती, भाऊ

गावच्या ग्रुपवर तोच मेसेज पुन्हा फिरतोय. 2019 ला महिनाभर राज्यात सरकार नव्हतं, कोणाचं काही अडलं नाही. झेडपीवर (जिल्हा परिषदेवर) मेंबरांच्या जागी सरकारी अधिकारी प्रशासक म्हणून बसला, तशी मेंबरांची खाबूगिरी बंद झाली. म्हणजे पुढारी नसलेलेच बरे! पानठेल्यावर यावर माना डोलतात, म्हणून लिहितो.

‘सरकार नव्हतं’ हेच मुळात खोटं. 24 ऑक्टोबरला निकाल लागला. 8 नोव्हेंबरला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, मग तेच काळजीवाहू, आणि 12 पासून राष्ट्रपती राजवट. सह्या कोणीतरी करतच होतं.

आणि अडलं नाही कसं? त्याच दिवसांत अवकाळीनं सोयाबीनच्या गंज्या भिजल्या. माझ्या गंजीत हात घातला तर आतून गरम वाफ, शेंगांतून पांढरे कोंब. राज्यपालांनी 16 नोव्हेंबरला मदत जाहीर केली, हेक्टरी 8 हजार, दोन हेक्टरपर्यंत. म्हणजे एकरी सव्वातीन हजारही नाही. माझं बियाणं आणि सोंगणीही त्यात निघाली नाही. ओरडायचं कोणापाशी? आमदारांचा शपथविधीच 27 नोव्हेंबरला झाला.

2022 आठवा. 30 जूनला मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री अशा दोघांनी शपथ घेतली आणि चाळीस दिवस मंत्रिमंडळ दोघांचंच. जुलैत वर्धा, यवतमाळ, चंद्रपूरकडची वावरं पाण्याखाली. विस्तार झाला 9 ऑगस्टला, अन् दुसऱ्याच दिवशीच्या बैठकीत मदत ठरली, हेक्टरी 13,600 रुपये, तीन हेक्टरपर्यंत. आता म्हणा, काही अडत नाही.

राहिला प्रशासक. मेंबर साधू होते असं माझं म्हणणं नाही. आमच्या सर्कलच्या मेंबरच्या घरावर दुसरा मजला कसा चढला, ते सगळ्यांनी पाहिलं. पण त्याला याच पानठेल्यावर अडवून विचारता यायचं. राज्यघटना पाच वर्षांची मुदत सरायच्या आत निवडणूक घ्या म्हणते. यवतमाळ, अमरावती, वर्ध्याच्या झेडपीची मुदत मार्च 2022 मध्येच सरली. शेवटी 6 मे 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, चार महिन्यांत घ्या. तोवर झेडपीच्या सभेचे अधिकार सीईओंकडे (मुख्य कार्यकारी अधिकारी), पंचायत समितीचे बीडीओंकडे (गटविकास अधिकारी). मांडणारे तेच, मंजूर करणारे तेच. खाबूगिरी बंद झाली की नुसती दिसेनाशी झाली, हे सांगायला सभेत विरोधी बाकही उरला नाही.

‘साहेब शिकलेले असतात’ हा मेसेजमधला शेवटचा मुद्दा. असतात की. आमच्या शाळेच्या एका खोलीचे कवेलू फुटलेत, त्याचा अर्ज मी दिला. आवकचा शिक्का अगदी नीट मारून मिळाला. पुढं साहेबांची बदली झाली. नव्या साहेबांनी अर्ज वाचला, शुद्धलेखनाची एक चूक दाखवली आणि नव्यानं द्या म्हणाले. चौथीची पोरं अजून व्हरांड्यातच बसतात.