थंडीचा आकडा आणि आमचा आठवडा : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारीच वाचली होती. उत्तराला उशीर झाला, कारण सोमवार ते गुरुवार आमच्या फीडरवर, म्हणजे शेतीला वीज पुरवणाऱ्या वाहिनीवर, रात्रीची वीज होती. आज शुक्रवार. आजपासून तीन दिवस दिवसाची पाळी आहे, म्हणून निवांत लिहायला बसले आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. निफाड तालुक्यातल्या आमच्या मळ्यावर जानेवारीतला एक आठवडा कसा गेला, ते मी दिवसावार लिहिलं होतं. तीन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, रात्रीचं पाणी, पहाटेच्या शेकोट्या, दहावीतली मुलगी, चौथीतला मुलगा, गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. घरातलं प्रत्येक माणूस दमलं आहे, असं शेवटी म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत की सहा अंशांना थंडी म्हणणं ही अतिशयोक्ती आहे, तुम्ही उणे पंचवीसमध्ये दारातला बर्फ उपसून कामावर जाता. शिवाय शेतीची वीज फुकट आहे, मोटारीला ऑटो स्विच बसवता येतो, मग रात्री जागायचं कारण काय? झेपत नसेल तर पीक बदला, म्हातारीला शेकोटीपाशी बसवू नका, असंही लिहिलंत. आणि शेवटच्या ओळीत विचारलंत : "द्राक्षांना कागद लावणारे मजूर तुमच्या लेखात कुठे झोपतात?"

त्या शेवटच्या ओळीने माझी झोप उडवली. तिच्याकडे येतेच. आधी थंडीचं बोलू.

उणे पंचवीस काय असतं ते मी पाहिलेलं नाही, आणि तुमचे कष्ट कमी लेखायचेही नाहीत. पण तुमच्या घरात पहाटे किती अंश असतात? तुमच्याकडची घरं थंडीसाठीच बांधतात. जाड भिंती, दुहेरी काचा, रात्रभर चालणारी हीटिंग. आमचं घर उन्हाळा सोसायला बांधलेलं आहे. निम्म्या घरावर पत्रा, खाली शहाबादी फरशी, खिडक्यांच्या फटी तशाच. बुधवारी पहाटे बाहेर सहा-सात अंश होते आणि आतल्या खोलीतला तापमापक अकरा दाखवत होता. मुलगी त्याच खोलीत पूर्वपरीक्षेचा अभ्यास करते. बोटं आखडतात म्हणून दर अर्ध्या तासाला चुलीपाशी येऊन हात शेकते. तुम्ही थंडीतून घरात जाता. आमच्याकडे घरात गेलं तरी थंडी सोबत येते, अंथरुणात शिरते, सकाळी तांब्याला हात लावला की पुन्हा झोंबते.

तुमचा जन्म नाशिकरोडचा आहे असं लिहिलंत, म्हणजे निफाडचा पारा तुम्ही लहानपणापासून ऐकला असेल. गोदावरी आणि कादवा नांदूर मधमेश्वरला भेटतात, तो हा भाग सखल आहे. आभाळ निरभ्र असलं की दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री भराभर निवते. थंड हवा जड असते, ती खोलगट जागी येऊन बसते. त्यात उत्तरेकडचा कोरडा वारा सुटला की पारा एका रात्रीत चार-पाच अंशांनी उतरतो. २०१८ च्या डिसेंबरअखेर कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात १.८ अंशांची नोंद झाली होती. त्या सकाळी आमच्या बागेत पानांवरचं दव गोठलं होतं. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एक पान तोडून मुलीच्या तळहातावर ठेवलं होतं. ती तेव्हा लहान होती, तिला गंमत वाटली. नाना मात्र दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

याचं कारण माणसाला सहा अंश एक वेळ चालतात, द्राक्षाला या दिवसांत चालत नाहीत. आमची गोडबार छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात झाली. जानेवारीत बाग नव्वद दिवसांच्या पुढे जाते आणि मण्यात पाणी उतरायला लागतं, म्हणजे मणी मऊ होऊन पिकू लागतो. तेव्हाच गारठा वाढला की मुळं काम करेनाशी होतात आणि मण्याची फुगवण थांबते. व्यापारी बागेत येतो तो मणी मोजायला. निर्यातीचा माल असेल तर १६ ते १८ मिलिमीटर मागतो, त्याखाली भरला की भाव पडतो. दिवसा कडक ऊन आणि रात्री कडाका अशी तफावत पडली की हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, तिला आमच्याकडे पिंक बेरी म्हणतात. गोडी तीच, पण हिरवा माल मागणारा व्यापारी तो घड बाजूला काढतो. म्हणून पाणी उतरायच्या आधी प्रत्येक घडाला कागद लावायचा. तीन एकरांत किती घड असतील, याचा अंदाज तुम्ही करू शकाल.

रात्रीचं पाणी का, याचं उत्तरही इथेच आहे. विहिरीचं पाणी पहाटेच्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली जमीन कोरडीपेक्षा ऊब जास्त वेळ धरते. पहाटे तीन ते सहा या वेळात ठिबक चाललं की मुळांपाशी तेवढाच आधार मिळतो. पण पाणी मोजूनच द्यावं लागतं. या अवस्थेत एकदम जास्त झालं तर मणी तडकतात. बांधावर पाचट आणि ओला पाला पेटवून धूर करतो, तो बागेवर पांघरुणासारखा पसरावा म्हणून. वारा नसेल तर उपयोग होतो. वारा असला की धूर शेजाऱ्याच्या बागेत जातो आणि आम्ही नुसते जागे राहतो.

वीज फुकट, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना सरकारने बिलमाफी दिली. आमची मोटार पाचची आहे. बिलाचं ओझं उतरलं, हे मी लेखात लिहायला हवं होतं, राहून गेलं. पण वीज कधी येणार हे आमच्या हातात नाही. आमच्या फीडरवर मोटारीला लागणारी थ्री फेज वीज आठ तास मिळते, चार दिवस रात्री आणि तीन दिवस दिवसा. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना आली, आणि जिथे ती पोहोचली तिथले शेतकरी रात्री झोपतात. आमच्या फीडरपर्यंत अजून आलेली नाही.

ऑटो स्विच आमच्याकडे आहे. मात्र सगळ्यांचे ऑटो लावलेले असले की वीज येताच एका क्षणात साऱ्या मोटारी उठतात, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो आणि फ्यूज जातो. म्हणूनच वीज कंपनीवाले ऑटो काढून टाका असं सांगतात. आणि ऑटोने मोटार सुरू झाली तरी प्लॉटचे व्हॉल्व्ह हातानेच फिरवायचे, फिल्टर धुवायचा, उंदराने नाहीतर खारीने नळी कुरतडली असेल तिथे जोड मारायचा. हे सगळं गार पाण्यात, बॅटरीच्या उजेडात. शेजारी उसाचा फड आहे, त्यात बिबट्या असतो, म्हणून एकट्याने जायचं नाही असा घरातला नियम आहे. एक रात्र नाना आणि हे, दुसऱ्या रात्री मी आणि हे. ह्यांच्या वाट्याला चारही रात्री येतात. गुरुवारी सकाळी ते चहाचा कप हातात धरून बसल्या बसल्या झोपले. कप मी हळूच काढून घेतला.

दमणं म्हणजे मला हेच सांगायचं होतं. माणूस कामाने एवढा दमत नाही, तुटक झोपेने दमतो. बारा वाजता उठायचं, दोनला पडायचं, चारला पुन्हा उठायचं. दिवसा झोपावं तर फवारणी असते, मजुरांना कागद पुरवायचे असतात, मुलाला शाळेत सोडायचं असतं. शनिवारपर्यंत घरात सगळे हळू बोलायला लागतात. भांडायलाही कोणात जोर उरत नाही. रविवारी मी कुळथाची शेंगोळी केली, ताटं वाढली, आणि दहा मिनिटं कोणी शब्द बोललं नाही. गरम खाणं पोटात गेल्यावर मुलगा पहिल्यांदा हसला.

पीक बदला म्हणता, त्यावर एवढंच सांगते. डॉगरिज हा खुंट लावायचा, त्यावर द्राक्षाचं कलम करायचं, लोखंडी अँगल आणि तारा उभ्या करायच्या, आणि पहिला धड माल तिसऱ्या वर्षी. त्या मांडवाचं कर्ज अजून फिटलेलं नाही. बागेवर कुऱ्हाड चालवायला आधी तेवढे पैसे हाताशी लागतात.

सासूबाईंबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला, आणि त्यात चूक माझ्या लिहिण्याची आहे. त्यांना कोणी शेकोटीपाशी बसवत नाही. गुडघे गारठले की त्यांना झोप लागत नाही, म्हणून चारला त्या आपणहून उठतात. छाटणीच्या वाळलेल्या काड्या बंबात घालून पाणी तापवतात, म्हणजे बागेतून येणाऱ्याला हातपाय शेकायला मिळतात. मी दोनदा म्हटलं, आई, पडून राहा. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाहेर असताना मी आत पडून राहू?" त्यांना पुन्हा सांगायला मला जमलेलं नाही.

आता मजुरांचं.

तुम्ही बरोबर पकडलंत. आमच्या बागेत कागद लावायला पेठ-सुरगाण्याकडची टोळी येते. तिकडचं भात आणि नागलीचं काम आटोपलं की दिवाळीनंतर ही माणसं इकडे उतरतात, मुलाबाळांसह. विहिरीजवळ आमची शेड आहे. तिला पत्रा आहे, तीन बाजूंना भिंत आहे आणि उत्तरेची बाजू मोकळी आहे, कारण तिथून ट्रॅक्टर आत येतो. या हंगामात तिथे नऊ मोठी माणसं आणि चार मुलं राहतात. माझ्या सात दिवसांच्या लेखात त्यांच्यावर एक ओळ होती, "मजूर कागद लावत होते." बस.

लिहिताना ती माणसं माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी मी घराच्या दारापर्यंत लिहून थांबले. आमच्याच दमण्याचं मला एवढं वाटत होतं की शंभर पावलांवरचं दमणं मी सोडून दिलं. याची मला मनापासून लाज वाटते.

त्यांचा आठवडा असा जातो. थंडीत दव उशिरापर्यंत राहतं. ओल्या घडाला कागद लावला तर घड सडतो, म्हणून नऊ-साडेनऊपर्यंत कामाला हात लावता येत नाही. संध्याकाळी अंधारही लवकर पडतो. काम उक्तं घेतलेलं, एकरावर. मग दिवस आखूड झाला की त्यांची कमाईच आखडते, आणि जास्त दिवस थांबावं लागतं. आमचं नुकसान मार्चमध्ये कळेल, त्यांचं रोज संध्याकाळी कळतं. गेल्या वर्षी आम्ही ब्लँकेट दिली होती आणि मला वाटलं होतं की आपलं काम झालं. पण गारवा वरून येतो तसा खालूनही येतो. कोबा रात्री बर्फासारखा होतो. त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्या उसवून खाली अंथरल्या होत्या.

आणि एक गोष्ट तुमच्या ओळीनंतरच माझ्या लक्षात आली. डिसेंबरात आम्ही बागेच्या उत्तर कडेला वारा अडवायला शेडनेट बांधलं. कडेच्या वेलींना गारठा आधी लागतो म्हणून. ते नेट शेडच्या मोकळ्या बाजूपासून तीस फुटांवर संपतं. बांधायला मीही होते. उरलेला गुंडाळा घडी करून मीच माळ्यावर टाकला.

बुधवारी दुपारी मी शेडमध्ये जाऊन बसले. टोळीतली एक बाई माझ्याच वयाची आहे, तिचा धाकटा माझ्या मुलाहून वर्षाने लहान. तुमच्याबद्दल लिहू का, असं तिला विचारलं, कारण न विचारता लिहिणं मला बरं वाटेना. नाव आणि गाव घालू नका, म्हणाली. मग थोडा वेळ थांबून म्हणाली की आम्ही थंडीला भ्यालो असं मात्र लिहू नका. आमच्या डोंगरातही असंच गार असतं, पण तिकडे घराला कुडाची भिंत असते, शेणामातीने लिंपलेली, आणि मधोमध चूल. इथे वारा लागतो, एवढंच.

तिथून आले ती सरळ माळ्यावर चढले. ह्यांना उठवलं नाही, रात्रीची पाळी होती. नाना आणि मी मिळून तो गुंडाळा उत्तरेच्या बाजूला दुहेरी करून बांधला. ट्रॅक्टर तूर्त बाहेर उभा राहील. खाली पाचटाचा जाड थर देऊन त्यावर ताडपत्री टाकली. काल सकाळी विचारलं तर ती म्हणाली, वारा कमी झाला, पण खालच्या फटीतून अजून येतो. आज दुपारी तिथे मातीच्या गोण्या लावतो आहोत.