'अपील टाका, आपोआप स्टे' वाला फॉरवर्ड खरा मानू नका

आठवडाभर हा फॉरवर्ड फिरतोय: गॅलरी बंद केली, साइड मार्जिनमध्ये (इमारतीच्या बाजूला सोडायच्या मोकळ्या जागेत) पत्रा टाकला आणि नोटीस आली तरी घाबरू नका, अपील टाकलं की आपोआप स्टे, 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर मंजूर, घरपट्टी भरताय म्हणजे कायदेशीरच, आणि दहा वर्षं जुनं असेल तर कोणी हात लावू शकत नाही.

मुख्य घोळ अपीलचा. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, बेकायदा बांधकाम काढा म्हणणारी नोटीस आली की तिच्यावर अपील नसतं हो! नोटिशीत जी मुदत दिलीय तेवढ्यात, बांधकाम ठेवू द्या म्हणून कलम 44 खाली परवानगीचा अर्ज करायचा, आणि त्याचा निकाल लागेपर्यंत नोटीस थंड पडते. म्हणजे ती थांबते अर्जामुळे. अर्ज फेटाळला तर मग कलम 47 चं अपील, राज्य सरकारकडे, 40 दिवसांत. आमच्या मामाने हाच फॉरवर्ड वाचून थेट मंत्रालयात रजिस्टर एडीने अपील पाठवलं, पावती लॅमिनेट करून ठेवली, आणि इकडे अर्जाची मुदत संपून गेली.

60 दिवसांचं अर्धंच खरं आहे. कलम 45 मध्ये मानीव परवानगी आहे, म्हणजे अर्जाला 60 दिवसांत उत्तर नाही आलं तर मिळाली असं धरायचं, पण बांधकाम नियमात बसत असेल तरच. ते बसत असतं तर नोटीस कशाला आली असती?

घरपट्टीचं पिंपरी-चिंचवडवाल्यांना विचारा, शास्तीकर म्हणजे काय ते. अवैध बांधकामावर घरपट्टीच्या दुपटीपर्यंत दंड, आणि तो भरला म्हणून बांधकाम नियमित झालं असं समजू नये हे महापालिका कायद्याच्या त्याच कलमात, 267ए मध्ये, लिहिलंय.

जुनं असल्याचाही उपयोग नाही, मेरठच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये हेच सांगितलं.

फॉरवर्डमध्ये जे कामाचं लिहायला हवं होतं तेच नाही. यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या बांधकाम नियमावलीत, खरी अडचण दाखवली तर मापात सूट मागता येते. एफएसआय (प्लॉटवर किती बांधता येतं ते प्रमाण), पार्किंग आणि रस्त्याकडचं अंतर सोडून बरं का. शेजाऱ्याची एनओसी तिथे जोडायला हरकत नाही, पण सूट द्यायची की नाही ते पालिकाच ठरवणार.

मामाच्या बोळात शेवटी आम्ही टेप लावला. नकाशात मोकळी जागा दीड मीटर, पत्र्यामुळे उरली 90 सेंटी. आता आर्किटेक्ट म्हणतोय आधी 60 सेंटी पत्रा कापा, मग बाकीच्या कागदांचं बघू. मामी म्हणते पत्रा कापू, पण खालची तुळस हलवायची नाही.