माझ्या स्क्रीनमधले काका

‘कार्यालयात छत्र्या उघडू नयेत.’ सोमवारी अख्ख्या मजल्याला गेलेल्या या मेलात नाव कुणाचंच नव्हतं. पण ऑक्टोबरात छत्री घेऊन लोअर परळला उतरणारा मजल्यावर मी एकटाच.

माझ्या डाव्या हाताला पश्चिमेची काच. जमिनीपासून छतापर्यंत. सी-लिंक दिसतो म्हणून सुरुवातीला लोक जळायचे. तीन वाजले की ऊन थेट माझ्या तोंडावर, आणि ते उजळलेलं तोंड समोरच्या चकचकीत स्क्रीनमध्ये. एक्सेलच्या रकान्यांवर मी. गेल्या आठवड्यात एका कोटेशनमध्ये एक शून्य कमी पडलं, कारण ते माझ्या नाकामागे होतं. हे साहेबांना सांगून पाहिलं. पुन्हा सांगणार नाही.

पडदे मागितले, तर ॲडमिन म्हणे बाहेरून इमारतीचं एलिव्हेशन बिघडतं. ब्राइटनेस वाढवा म्हणे. खोक्यावर २५० निट्स उजेड लिहिलेल्या स्क्रीनने सूर्याशी काय भांडावं? लॅपटॉप माझाच, लॅमिंग्टन रोडचा. ‘ग्लॉसी घ्या साहेब, रंग काय खुलतात!’ खुलतात ना. माझ्या शर्टाचे. मग अँटी-ग्लेअर फिल्म लावली. तीन बुडबुडे राहिले, अक्षरं रवाळ झाली, आणि ऊन गेलं नाहीच, नुसतं भातावरच्या तुपासारखं पसरलं. शेवटी सोलून काढली. डोळे दुखतात म्हणून डार्क मोड केला, आणि तिथेच फसलो. काळ्या पार्श्वभूमीवर काच म्हणजे अस्सल आरसा.

हा शोध माझ्याआधी अकाउंट्सच्या काकांना लागला.

चारच्या चहाआधी ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. खिशातून छोटा कंगवा काढतात.

“जरा सरक रे.”

“काका, काम चालू आहे.”

“कर की. मला कुठे तुझं काम दिसतंय?”

मलाही दिसत नव्हतं, पण ते जाऊ दे.

“वॉशरूममधला उजेड पिवळा,” ते मिशी निरखत म्हणाले. “तिथे सगळेच गोरे. इथे कसं, बाजूने उजेड, स्टुडिओसारखा. हा कलप कानाजवळ जांभळा मारतोय का बघ.”

“थोडा.”

“थोडा म्हणजे?”

“वांग्यासारखा.”

यावर ते दुखावले नाहीत. उलट खाली वाकले, त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर आली, आणि आम्ही दोघं स्क्रीनमध्ये लग्नाच्या फोटोसारखे दिसू लागलो. पाठीमागून, म्हणजे समोरून, ते माझ्याशी बोलत होते.

“माझे वडील इथंच गिरणीत होते, साचे खात्यात, म्हणजे मागावर. याच कंपाउंडात. शेडचं छप्पर करवतीच्या दातांसारखं, काचा सगळ्या उत्तरेकडे. उजेड भरपूर, ऊन नाही. तुटलेला धागा दिसायला नको?” कंगवा एकदा फुंकून घेतला. “१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. त्यानंतर बाबा काही साच्यावर गेले नाहीत.”

मला काय बोलावं सुचेना. मी एक रकाना उगाच रुंद केला.

रात्री लोकलमध्ये मात्र तेच डोक्यात. गिरणीमालकांना काही कामगारांच्या डोळ्यांचा पुळका नव्हता, कापडाचा होता. माझ्या एक्सेलचा तेवढाही कुणाला नाही. त्या छपराच्या जागी आता चहूबाजूंनी काच, आत थंड ठेवायला एसी, उन्हापायी मी पदरचे पैसे घालून फिल्म आणायची, आणि छत्री उघडली की शिस्तीचा मेल!

म्हणून काल डार्क मोड काढून टाकला. पांढऱ्या पानावर प्रतिबिंब जरा फिकं पडतं. निळा गडद शर्ट घातला. खुर्ची भिंतीकडे वळवली, तर शेजारीण म्हणाली, माझ्यावर रागावलास का. परत सरळ केली. तरी दहा-बारा रकाने ओळीने वाचता आले.

चार वाजता काका आले. कंगवा काढला, वाकले, डोळे बारीक केले. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

“हे काय करून ठेवलंस? भांग दिसत नाही. ते आधीचं काळं लाव ना, दोन मिनिटं.”

लावलं.