ठोकून बसवलेलं बेअरिंग

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलायला माझे दोन अख्खे दिवस गेले, आणि त्यातला दीड दिवस दुसऱ्याने करून ठेवलेली घाण निस्तरण्यात गेला. हेच बेअरिंग वर्षापूर्वी पैसे मोजून बदलून घेतलं होतं. नीट बसवलेलं बेअरिंग लाखभर किलोमीटर कुरकुर न करता चालतं. हे वर्षात वाजायला लागलं.

वेग चाळीसच्या वर गेला की घूंऽऽ असा आवाज, आणि वेगाबरोबर तो चढत जायचा. ज्याला सांगावं तो म्हणायचा, टायरचा असेल. अरे, टायरचा आवाज उजवीकडे वळताना वाढून डावीकडे वळताना गप्प होतो का? उजवीकडे वळलं की गाडीचा भार डाव्या चाकावर जातो, बेअरिंग दबतं आणि ओरडतं. जॅक लावून चाक उचललं, एका हाताने सस्पेन्शनची स्प्रिंग धरली आणि दुसऱ्याने चाक फिरवलं, तर स्प्रिंगमधून खडी दळल्यासारखी घरघर हाताला लागत होती. चाक वर-खाली धरून हलवलं तर ढिलेपणाही होता. एवढं तपासायला दहा मिनिटं लागतात, पण तेवढीही कोणाला द्यायची नसतात.

म्हणून ठरवलं, घरीच करायचं.

सुरुवात एक्सल नटापासून, म्हणजे चाकाच्या मधोमध एक्सलच्या टोकावर बसणाऱ्या मोठ्या नटापासून. तो चाक जमिनीवर असतानाच सैल करावा लागतो, कारण २००-३०० न्यूटन मीटरच्या घरात आवळलेला असतो. हा हलेचना. पान्याला हातभर पाइप लावला, वर उभा राहिलो, तेव्हा कुठे कटकन सुटला. निघाला आणि पहिली चीड आली. या नटाची पातळ कॉलर एक्सलच्या खाचेत ठोकून दाबतात, म्हणजे तो आपोआप सैल होत नाही. एकदा दाबली की तो नट टाकून द्यायचा आणि नवा लावायचा. माझ्या नटाच्या कॉलरवर दोन ठिकाणी दाबल्याच्या खुणा होत्या! म्हणजे जुनाच नट परत लावला होता. बेअरिंगच्या दोन आतल्या रिंगा एकमेकींवर घट्ट दाबून धरण्याचं काम त्या नटाचं असतं. तिथे काटकसर करणाऱ्याला काय म्हणावं?

ब्रेकचा कॅलिपर काढून तारेने स्प्रिंगला टांगला, डिस्क काढली. एबीएसचा (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर गंजून भोकात असा रुतला होता की गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवूनही तुटलाच. लोखंडाच्या भोकात प्लास्टिकचा सेन्सर घालायचा आणि त्या भोकावर चाकाचं पाणी उडत राहू द्यायचं, ही कल्पना ज्याची असेल त्याने एकदा तरी तो स्वतःच्या हाताने काढून बघावा.

बॉल जॉइंट, टाय रॉड सुटले, स्टिअरिंग नकल, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं तो भाग, बाहेर आली. चाक ज्यावर आवळतात तो हब स्लाइड हॅमरने ओढला, तर बेअरिंगच्या आतल्या दोन रिंगांपैकी एक हबवरच चिकटून आली. ती येतेच, या प्रकारच्या बेअरिंगची रचनाच तशी आहे. ग्राइंडरने ती जवळजवळ आरपार कापायची, पण हबला चरा पडू द्यायचा नाही, आणि मग छिन्नीचा एक घाव. तासभर श्वास रोखून ते केलं. काही गाड्यांना अख्खा हब-बेअरिंगचा संच तीन-चार बोल्टांवर येतो. जुना काढा, नवा लावा, संपलं. मग बाकीच्यांना ही प्रेसने दाबून बसवायची शिक्षा कशासाठी? गाडी कधीतरी जुनी होणार आणि कोणीतरी हे उघडणार, याचा विचार कागदावर रेघ मारतानाच करायला नको?

पण त्याचाही राग मी गिळला असता. बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी सर्क्लिप बघितली आणि डोकंच फिरलं. तिचा एक कान तुटलेला. पक्कड घालायला भोकच नाही. स्क्रू ड्रायव्हरने उचकटत, बोटं सोलून घेत ती काढली. मागोमाग बेअरिंगची बाहेरची रिंग निघाली आणि तिच्या कडेवर चारी बाजूंनी चकचकीत घाव. हातोड्याचे! ठोकून ठोकून बसवलेलं बेअरिंग! हबही तसाच ठोकून आत घातलेला, कारण रिंगेच्या आत बेअरिंगचे छर्रे (पोलादी गोळ्या) धावतात त्या वाटेवर ओळीने, सारख्या अंतरावर, छर्‍यांच्या मापाच्या खळ्या पडल्या होत्या.

बाहेरची रिंग नकलमध्ये बसवताना जोर बाहेरच्या रिंगेवरच द्यायचा. हब आत दाबताना आतल्या रिंगेला खालून आधार द्यायचा. हे चुकलं की सगळा जोर छर्‍यांमधून जातो आणि बेअरिंग गाडीला लागायच्या आधीच मरतं. ज्याच्या रोजच्या कामात हे येतं त्याला हे माहीत नसेल, हे मी मान्य करायला तयार नाही. माहीत असतं. प्रेसपर्यंत जायचा कंटाळा असतो. आणि हे पुढचं चाक आहे हो! त्यावर माणसं बसलेली गाडी धावते!

नवं बेअरिंग मी जाड थ्रेडेड रॉड, मापाच्या वाट्या आणि नट लावून, पाव-पाव फेरा आवळत आत ओढलं. बेअरिंगची चुंबक असलेली कड सेन्सरच्या बाजूला, कारण उलटं बसलं तर एबीएसचा दिवा विझत नाही आणि सगळं पुन्हा उपसावं लागतं. नवी सर्क्लिप खाचेत बसल्याचा टक् आवाज ऐकल्याशिवाय पुढे गेलो नाही. नवा सेन्सर, नवा नट, टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. अंगाचा प्रत्येक सांधा दुखतोय, पण गाडी आता गप्प चालते.

जुनी बाहेरची रिंग पुसून ठेवली आहे, घावांसकट. यापुढे ज्याने म्हटलं, 'ठोकून पण बसतं हो,' त्याच्या हातात आधी ती देणार.