खाड्याचं गणित

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत सुपरवायझर झालं की पहाटे सहाला फोन वाजतो. सातच्या पाळीला कोण येणार नाही, हे तेव्हा कळतं. का येणार नाही, ते कॅलेंडर बघून मीच सांगतो. ऑक्टोबरात द्राक्षांची गोडी छाटणी आली की दिंडोरी-निफाडकडच्या पोरांच्या कमरा धरतात. फेब्रुवारी-मार्चात माल काढायला आला की ताप. रंगपंचमीला डोळे येतात. तिवंध्याच्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारल्यावर येणारच म्हणा.

रजिस्टरात कारणाचा एकच रकाना आहे आणि त्यात सगळ्यांपुढे 'वैयक्तिक' लिहायचं. कारखाना कायद्याने १९४८ सालीच वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा ठरवून दिली. आमच्याकडे ती मागितली की "ऑर्डर आहे, बघू" असं उत्तर मिळतं. दोनदा हे ऐकलेला माणूस तिसऱ्यांदा मागत नाही, सरळ फोन करतो. मग त्याच्या जागी दुसऱ्याला डबल मारायला लावायचं. भट्टीशेजारी, बंद पंख्याखाली सोळा तास उभं राहून तोही दुसऱ्या दिवशी आडवा. हेही 'वैयक्तिक'च.

परवा एचआरच्या मॅडमनी खाडे मोजायचं ब्रॅडफर्डचं सूत्र आणलं. जितक्यांदा दांडी, त्या आकड्याचा वर्ग, गुणिले एकूण दिवस. सुटे खाडे कामाचा जास्त खोळंबा करतात, म्हणून त्यांना जास्त गुण. मला फळ्यावर मांडूनही नीट उमगलं नाही. चहाच्या सुट्टीत आमचा सीएनसी मशीनवाला म्हणाला, "म्हणजे साहेब, दहा वेळा एकेक दिवस बुडवला तर हजार, आणि सलग दहा दिवस गायब झालो तर फक्त दहा? मग छाटणी एका दमातच उरकतो की!"

उरकलीही. त्याच्या नावावर दहा गुण, एकदम स्वच्छ माणूस.

आणि हजार कोणाचे भरले? पॅकिंगमधल्या ताईंचे. पोराला दमा, त्याला धाप लागली की एक दिवस घरी, उतरली की लगेच कामावर. सलग दहा दिवस राहिल्या असत्या तर वाचल्या असत्या, पण तेवढा पगार कापून घेणं त्यांना परवडत नाही. सूत्राप्रमाणे ताकीदपत्र निघालं. ते हातात देऊन पोचपावती घ्यायचं काम अर्थातच माझ्याकडे.

गेलो घेऊन. ताई आल्याच नव्हत्या.